कुर्ल्याच्या गच्चीवरून दिसणारी विमानं

माय, मी अजून विमानांचे फोटो काढतो. मेहकरात हे सांगावं असं कोणी नाही. स्टुडिओत येणाऱ्याला पासपोर्ट फोटो हवा असतो, नाहीतर लग्नाची ऑर्डर द्यायची असते. तुझी सून ऐकून घेते, पण तिचं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असतं. तू असतीस तर ‘लाल शेपटीचं होतं का निळ्या?’ एवढं तरी विचारलं असतंस. म्हणून आज दुपारी गिऱ्हाईक नाही हे पाहून शटर अर्धं ओढलं आणि लिहायला बसलो. पाठवायचं कुठंच नाही, हे मलाही कळतं.

तुझ्या जबड्याखालची गाठ अकोल्याच्या डॉक्टरांनी बोटांनी चाचपली आणि मुंबईचं नाव घेतलं.  त्या दिवशी एसटीत तू खिडकीतून कापसाच्या गाड्या बघत बसलीस. घरी आल्यावर शेजारच्या चाचीनंच सगळं ठरवलं. ‘धरमशाळेत काऊन राह्यता? माह्या भाच्याचा कुर्ल्याले कारखाना आहे, वरचा कमरा रिकामाच पडेल आहे,’ म्हणाली, आणि आपल्यासमोरच त्याला फोन लावला. शाळेच्या बॅगा शिवायचा कारखाना होता त्याचा. खाली मशीनी चालायच्या, वर आपली पत्र्याची खोली, आणि खोलीच्या दारातून पाऊल टाकलं की सगळी गच्ची आपलीच. मी कॅमेरा बरोबर घेतला होता, कारण बंद दुकानात तो ठेवायचा जीव होत नव्हता. दुसरं कारण काहीच नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी तू चुलीपाशी, म्हणजे त्या लहानशा गॅसपाशी बसली होतीस आणि मी भांडी लावत होतो. एकदम सगळा पत्रा थरथरायला लागला. ताटातली वाटी आपली आपण सरकली. मला वाटलं काहीतरी कोसळतंय. बाहेर धावलो तर डोक्यावरून विमान चाललेलं, इतकं खाली की पोटावरचे काळे डाग दिसावेत. चाचीचा भाचा वर येऊन ओशाळवाणं हसला. ‘खाला, एअरपोर्ट बाजू मेच है ना. दो-चार दिन में आदत हो जाएगी.’ मला त्याचा रागच आला. आजारी माणसाला अशी जागा द्यायची? पण मागं वळून पाहिलं तर तू दारात उभी होतीस, डोक्यावरचा पदर सावरत, आणि तोंड उघडं टाकून वर बघत होतीस. ‘माय वो,’ तू म्हणालीस, ‘केवढं मोठं आह्ये रे हे! आपल्या गावावरून जाते ते एवढुसं खडूवाणी दिसते. तेच का हे?’

तेव्हापासून तुझा नेम सुरू झाला. हॉस्पिटलमधून आलं की तू थोडं पडायचीस आणि उन्हं कलली की गोणपाट घेऊन गच्चीवर. पूर्वेकडे, घाटकोपरच्या टेकडीच्या अंगाला आधी एक दिवा दिसायचा, तो मोठा व्हायचा, मग पंख दिसायचे. ‘पाह्य, पाय सोडून येऊन राह्यलं,’ तू म्हणायचीस. चाकांना तू पायच म्हणायचीस. दुपार सरता सरता एक दोन मजल्यांचं प्रचंड विमान यायचं, त्याच्यावर तुझा फार जीव. ‘हे पाह्य कसं येते, गाभण म्हशीवाणी. घाई नाही, काही नाही.’ मी हसलो की तूही हसायचीस, आणि हसलं की जबडा दुखायचा म्हणून लगेच गालाला हात लावायचीस.

शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर एक मुलगी यायची. कॉलेजातली, पाठीवर पिशवी, आणि हातभर लांब लेन्सचा कॅमेरा. दोन गच्च्यांमध्ये फक्त एक बोळ. दोन-तीन दिवस तिनं आपल्याला पाहिलं, आपण तिला पाहिलं. शेवटी तूच कठड्याशी गेलीस. ‘काय करतं पोरी इथं?’

‘फोटो काढते मावशी. विमानांचे.’

‘पैसे भेटते?’

‘नाही हो. आवडतं म्हणून.’

‘मंग बरं आह्ये,’ तू म्हणालीस. तिला काय बरं वाटलं कोण जाणे, पण त्या दिवसापासून ती तिच्या मोबाईलवर बघून तुला ओरडून सांगायला लागली. ‘मावशी, हे दोह्याहून आलं! मावशी, पुढचं सिंगापूरचं!’ तू मान डोलवायचीस. दोहा कुठं आणि सिंगापूर कुठं, हे तू एकदाही विचारलं नाहीस. एकदा मात्र मला म्हणालीस, ‘एवढे लोकं येऊन राह्यले. या लोकायले कोणी न्याले येत असन ना रे? का एकलेच जाते घरी?’

मीही कॅमेरा काढला. तुला आठवतं ना, पहिल्या दिवशीचे सगळे फोटो वाया गेले होते. एवढी वर्षं मी नवरा-नवरीला ‘हलू नका’ सांगत आलेला माणूस. विमानाला काय सांगणार? पलीकडून ती मुलगी म्हणाली, ‘दादा, तुम्ही क्लिक करताना थांबता. थांबू नका, त्याच्याबरोबर फिरत राहा. फोटो निघाल्यावरसुद्धा फिरत राहा.’ मग जमायला लागलं. खिडक्यांची रांग दिसायला लागली, शेपटीवरचं चित्र दिसायला लागलं. अंधार पडला की आपण दोघं गॅसपाशी बसून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर ते बघायचो. तू बोट न लावता दाखवायचीस, ‘हे चांगलं आह्ये. हे तिरपं झालं. हे ठेवजो.’

एकदा, ऊन अगदी तांबूस असताना, मी कॅमेरा तुझ्याकडे वळवला. तू पटकन पदर जबड्यावर ओढलास. तुझ्या मानेची कातडी तोवर काळी पडली होती, तव्यावर करपलेल्या भाकरीसारखी. ‘माहा नोको,’ तू म्हणालीस.

‘एक तर काढू दे.’

‘नोको म्हनलं ना! लोकायचे एवढे फोटो काढले तुनं, कोणाच्या मनात नसलं तं काढतं का? इमानाचा काढ.’ इतक्या कडक आवाजात तू मला लहानपणीसुद्धा बोलली नव्हतीस. मी कॅमेरा खाली केला. त्या महिन्यांतली शेकडो विमानं माझ्यापाशी आहेत आणि तू एकातही नाहीस.

उपचाराचं मी फार लिहीत नाही, तुला माहीतच आहे. किरणं द्यायच्या वेळी तोंडावर जाळी बसवून टेबलाला आवळायचे आणि तुला त्या खोलीत एकटं ठेवून सगळे बाहेर यायचे. मी बाहेरच्या बाकावर. पहिल्यांदा तू बाहेर आलीस तेव्हा थरथरत होतीस आणि मला वाटलं, उद्या काही तू यायची नाहीस. पण तू आलीस. नंतर एका संध्याकाळी आपण होऊन सांगितलंस. ‘ते मशीन आवाज करते ना, तं मी डोळे मिटतो अन् म्हणतो, एक इमान गेलं. मंग थांबते. मंग आणखी आवाज करते, मी म्हणतो, दुसरं गेलं. असं करत करत होऊन जाते.’ मी उठून पाणी आणायला गेलो. पाणी समोरच होतं.

खाणं हळूहळू बंद झालं. ताक, पेज, आंबील, तेही घोट घोट. तरी माझ्यासाठी स्वयंपाक तूच करायचीस. वांग्याची भाजी फोडणीला टाकायचीस, वाकून वास घ्यायचीस आणि मला विचारायचीस, ‘मीठ बरोबर आह्ये का?’ तुझ्या जिभेला तेव्हा कसलीच चव लागत नव्हती. कधी ती भाजी खारट असायची, कधी अळणी. मी म्हणायचो, बरोबर आहे. तू माझ्या ताटाकडे बघत बसायचीस, भाकरीचा प्रत्येक तुकडा तोंडात जाईस्तोवर.

मधे तो हवालदार आला होता. कोणीतरी कळवलं होतं की गच्चीवरून एअरपोर्टचे फोटो काढतात. दम लागलेला, घामेजलेला माणूस जिना चढून वर आला आणि माझ्या हातातून कॅमेरा घेतला. ‘कुठून आलात? काय काम इथं?’ मी घाबरून हॉस्पिटलचे कागद शोधायला लागलो. तू बसल्या जागेवरून त्याला हात केलास. आवाज तुझा बसला होता, तो वाकला तेव्हा कुठं ऐकू आलं त्याला. ‘साहेब, त्याले काही बोलू नोका. तो माह्यासाठी काढते. मले रातच्याले झोप लागत नाही, मंग आम्ही पाह्यत बसतो.’ त्यानं तुझ्या मानेकडे पाहिलं, मग गोणपाटाकडे. कॅमेऱ्यातले फोटो एक एक करून बघितले, भिंत आणि धावपट्टी आलेले काढून टाकायला लावले. ‘आभाळातलं काढा,’ म्हणाला, ‘जमिनीवरचं काही यायला नको.’ चहाला थांबला नाही. तो उतरल्यावर तू मला म्हणालीस, ‘चांगला माणूस होता. थकेल दिसत होता बिचारा.’

फाल्गुनात डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. तू बाकावर होतीस, मी दार लावत होतो तेव्हा माझ्याकडे बघत होतीस. आत काय झालं ते मी तुला सांगितलं नाही आणि तूही दोन दिवस विचारलं नाहीस. तिसऱ्या दिवशी गच्चीवर, वर बघता बघताच म्हणालीस, ‘डाक्टर काय म्हने?’

‘म्हने, आता गावाकडे आराम करू द्या.’

तू ते विमान भिंतीआड जाईपर्यंत बघितलंस. ‘मंग चाला,’ म्हणालीस. ‘पण जाच्या पहिले एकडाव ते दार दाखव. लोकं जिथून बसाले जाते ते.’

चाचीच्या भाच्यानं रिक्षा करून दिली. त्या मोठ्या काचेच्या इमारतीसमोर आपण दोघं लोखंडी कठड्याला धरून उभे होतो. तू ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होतीस, मानेला मऊ पांढरं फडकं. आपल्या बाजूला एक कुटुंब होतं. पोरगा परदेशी निघाला होता, कामाला असेल. आई त्याचा हात सोडत नव्हती. बाप सारखा बॅगेची दोरी आवळत होता, ती आवळलेलीच होती. शेवटी पोरगा दाराशी गेला, तिकीट दाखवलं आणि आत गेला. आई त्याच्यामागं चार पावलं गेली तर दारावरच्या जवानानं हात आडवा केला.

‘तिले काऊन अडवलं?’ तू विचारलंस.

‘तिकीट असल्याशिवाय आत सोडत नाहीत, माय.’

तू बराच वेळ त्या बाईकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, ‘बरं करते. नाहीतं सारेच मांगं मांगं गेले असते.’

मी कठड्यावर डोकं टेकलं. तू माझ्या पाठीवर हात फिरवत होतीस, गुरावरून फिरवतात तसा, लांब आणि सावकाश. मी रडलो तेव्हा ‘रडू नको’ म्हटलं नाहीस, याचं मला आजही बरं वाटतं. कोणी आपल्याकडे पाहिलं नाही. तिथं सगळेच तसे उभे होते.

मेहकरला आल्यावर अंगणातल्या बाजेवर तू दीड महिना काढलास. चाची रोज येऊन तुझे पाय दाबायची. दुपारी फार उंचावरून विमान गेलं तर तू नुसती भुवई उचलायचीस आणि मी म्हणायचो, हो, दिसलं. तू गेलीस तेव्हा सकाळ होती. मी पेज गाळत होतो. सुनेनं हाक मारली, ती हाक ऐकूनच मला कळलं. तरी मी पेज पूर्ण गाळली, वाटीत ओतली आणि वाटी घेऊनच बाहेर आलो.

यानंतरचं तुला माहीत नाही. दिवाळीनंतर, लग्नसराई सुरू व्हायच्या आधी, मी मुंबईला जातो. स्टुडिओचं सामान आणायला म्हणून. खरं तर आता सामान अकोल्यातही मिळतं. कुर्ल्याला जातो, चाचीच्या भाच्याला भेटतो, गच्चीवर चढतो. त्यानं वर आणखी एक मजला चढवला आहे, त्यामुळे विमानं आधीपेक्षा जवळून दिसतात. ती मुलगी आता नोकरी करते, तिच्या केसांत एखादी पांढरी बट दिसते, पण सुट्टीच्या दिवशी ती अजून पलीकडच्या गच्चीवर येते.

तू गेल्यावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं मला पाहिलं आणि कॅमेरा खाली ठेवून आधी तेच विचारलं, ‘दादा, मावशी कशा आहेत?’ मी सांगणार होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात एक विमान आलं, त्याच्या आवाजात बोलता येईना, आणि ते गेल्यावर मी म्हणालो, ‘गावाकडे आहे.’

‘बऱ्या आहेत?’

‘हो. बरी आहे.’

ती इतकी हसली, माय, की मला पुढं काही बोलवेना. भाच्याला सारं माहीत आहे. तो बाजूला उभा होता, पण त्यानं नुसती मान खाली घातली. तेव्हापासून असंच चाललं आहे. ती विचारते, मावशी अजून विमानं बघतात का? मी म्हणतो, बघते. अंगणातून. ती म्हणते, दोन मजल्यांचं हल्ली वेळेवर येत नाही, सांगा त्यांना. मी म्हणतो, सांगतो. एवढी वर्षं झाली, तिला कळलं नसेल असं नाही. कधी कधी विचारताना ती माझ्याकडे न बघता कॅमेऱ्यात बघत असते. पण तीही विचारायचं सोडत नाही.

मागच्या वेळी म्हणाली, ‘पुढच्या वर्षी त्यांना घेऊनच या.’ मी ‘आणतो’ म्हणालो. मेहकरात तुझ्या फोटोला हार आहे, तेराव्याला जेवलेली माणसं आहेत, सातबाऱ्यावरून तुझं नाव कमी झालं आहे. त्या एका गच्चीवर मात्र तू गावाकडे आहेस आणि बरी आहेस. सामान आणायला जातो असं मी घरात सांगतो, आणि तुला या कागदाच्या सुरुवातीला विमानांचे फोटो काढतो असं सांगितलं. यातलं काहीच तितकं खरं नाही. या दिवाळीनंतर ती पुन्हा विचारील, आणि मी पुन्हा तेच सांगणार आहे.