यादीतलं जास्तीचं नाव

स्मृती नगर, मंगळवार संध्याकाळ

नव्या राउटरला टीव्ही जोडला जाईना, म्हणून जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड टाकला, बाबांचा प्लांटमधला टोकन नंबर. सगळं आपोआप जुळलं. पण जोडलेल्या फोनांच्या यादीत एक नाव जास्तीचं. विनोद. चार वर्षांपूर्वी मीच घराबाहेर काढलेला धाकटा भाऊ.

फाटकापर्यंत धावलो. रस्ता रिकामा. परत पाहिलं तर विनोद यादीत तसाच, सिग्नल पूर्ण. जुन्या राउटरची यादी मी कधी उघडलीच नव्हती. किती दिवसांपासून येत असेल?

"पासवर्ड बदलून टाका जी, मले भेव लागून राहिलं," माझी बायको सुनंदा म्हणाली.

नाही बदलला. दार एकदा लावलं, तेवढं पुरे. फाटक उघडं ठेवलंय. बाहेर कुणीच नाही. यादीत विनोद आहे.