चढवून बघितलेली नावं

२ फेब्रुवारी

आलो बुवा एकदाचे! नवं घर, नवं गाव आणि कडेवर नवंकोरं पोर. तिन्हींची गॅरंटी कुणी देत नाही, तरी मी खूश आहे. घर तळमजल्याचं. तीन खोल्या आणि मागे जाळी लावलेला व्हरांडा. पुढच्या खोलीत ऊन येतं, मधलीत येत नाही, म्हणून मधली बाळाची. पाळणा तिथेच लावला. दुकान इथून चालत जाण्याइतकं जवळ. जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात बसून जळलेल्या मोटरींत नव्या तारा भरल्या, आता स्वतःच्या दुकानात भरणार.

सामान लागायच्या आत हिने वही हातात कोंबली. म्हणाली, रोज लिहा, पोराला मोठेपणी कळेल बाप काय करत होता. मी म्हटलं, ते पोराला न कळलेलंच बरं. त्यावर तिने पेनही दिलं.

हिची थोरली बहीण मदतीला आली आहे. मी तिला तोंडावर ताई म्हणतो आणि मनात कॅप्टन. सामान उतरवणाऱ्यांना तिने असं कवायतीला लावलं की जाताना ते तिची परवानगी मागून गेले.

५ फेब्रुवारी

आज बाळाची खरेदी. दुकानदार फार गोड बोलणारा, म्हणजे खिसा धरून उभं राहावं असा. त्याने रंगीबेरंगी बाबागाड्या पुढे केल्या. मी एकेक उलटी केली, चाक फिरवलं आणि कान लावला. पहिलीचं बेअरिंग कोरडं, दुसरीचं त्याहून. तिसरीचं चाक लोण्यासारखं फिरलं, ती घेतली. दुकानदार हिला म्हणाला, वहिनी, साहेब उद्या सूनही कान लावूनच पसंत करतील. ही इतकी हसली की दुपट्यांचा भाव करायचं विसरली.

झबली घेतली, टोपडी घेतली, बाटल्या, दुधाच्या पावडरीचा डबा, डायपरचा भला मोठा गठ्ठा. शिवाय एक यंत्र: एक डबी पाळण्याशी ठेवायची, दुसरी आपल्याजवळ, बाळाने हूं केलं तरी ऐकू येतं. माझ्या कानांना याची गरज नाही असं मी म्हणालो. ताई म्हणाल्या, भावोजी, तुमचे कान दुकानात जातात, ही डबी घरीच राहील. घेतली.

६ फेब्रुवारी

नावावरून घोडं अडलंय. आयुष्यभर लोकांना नावं ठेवली, पोराला एक ठेवता येईना. हिचं एक, माझं एक, ताईंचं एक. जेवणं थंड झाली.

शेवटी मीच तोडगा काढला. भरलेली मोटर मी लगेच गिऱ्हाइकाला देत नाही, दिवसभर चालवून बघतो. नावाचंही तेच करू. सकाळी एक नाव बाळाला चढवायचं, दिवसभर घरातल्या सगळ्यांनी त्याच नावाने प्रेमाने हाका मारायच्या, संध्याकाळी ठरवायचं. नाही शोभलं तर उतरवायचं आणि दुसऱ्या दिवशी दुसरं. ताई म्हणाल्या, नाव म्हणजे काय टोपडं आहे का? मी म्हटलं, टोपडंच. घालून बघितल्याशिवाय कळतं का?

७ फेब्रुवारी

पहिला मान हिचा. हिचं नाव लांब, मऊ, शेवटी हेलकावा घेणारं. दिवसभर घर त्या नावाने भरून गेलं. आंघोळीला हाक, दुधाला हाक, काही नसताना नुसतीच हाक. ही तर भांडी घासतानाही तेच गुणगुणत होती. बाळ मात्र ढिम्म. एवढ्याशाला कळतंय काय म्हणा.

संध्याकाळी ताईंना आठवलं की त्यांना नोकरीत छळणाऱ्या साहेबाचं हेच नाव होतं. झालं, बाद. हिचा चेहरा उतरला. बाळाच्या गालाला गाल लावून म्हणाली, जाऊ दे रे, तो नको आपल्याला, तू हवास. ऐकायला जरा विचित्र वाटलं.

९ फेब्रुवारी

काल माझं नाव झालं. छोटं, ठसकेबाज. ही म्हणाली, कुणीतरी शिंकल्यासारखं वाटतं. बाद. आज ताईंचं: भारदस्त, जन्मतःच खुर्चीत बसलेल्या माणसाचं. ते बाळाच्या अंगावरून पार ओघळत होतं. तेही बाद. सुचलेली नावं संपली. मजा येतेय. दुकानातही पहिलं काम आलं, पिठाच्या गिरणीची मोटर.

१२ फेब्रुवारी

डायपरचा गठ्ठा तळाला गेला. मी हिशेबी माणूस आहे, पण बाळाच्या बाबतीत तोंड उघडत नाही. तरी मनात आलं की एवढंसं पोर, एवढं कसं लागतं? दुधाच्या डब्यातही खडखडाट. हिला विचारलं तर म्हणाली, ताईला विचारा. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, पोर तुमचं, भूक तुमच्यावर गेलीय.

हसलो. पण कानात काहीतरी अडकलं. बोलताना ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

१४ फेब्रुवारी

दुपारी जेवायला घरी आलो. ही पुढच्या खोलीत झोपलेली, डबी तिच्या उशाशी. डबीतून बाळाचा श्वास येत होता. मी सहज कान दिला.

दोन पंखे एकाच खोलीत जवळपास सारख्या वेगाने चालले की आवाज एकसंध येत नाही. चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. माझ्या धंद्यात हे पोरसुद्धा ओळखेल. डबीतला श्वास तसा चढत-उतरत होता. एक श्वास नव्हता तो.

वाटलं, ताई पाळण्याशी आडव्या झाल्या असतील. जाऊन पाहिलं. बाळ एकटं. ताई मागे व्हरांड्यात कपडे वाळत घालत होत्या. दोरीवर झबली होती, ती आम्ही घेतली त्याहून जास्त वाटली. नवी आणलीत का विचारलं. म्हणाल्या, सगळी इथलीच आहेत.

मला ही बाई काहीतरी लपवतेय असं वाटू लागलंय. बाहेरचं कुणाचं मूल दुपारचं सांभाळायला घेते की काय? आमच्या दुधावर?

१७ फेब्रुवारी

बाळाला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वजन वाढलं नाही. उलट किंचित उतरलंय. त्यांनी विचारलं, दूध पुरेसं देता ना? मी काय सांगणार! डबे रिकामे होतात आणि पोर सुकतंय.

घरी येऊन ताईंशी बोललो. आवाज चढवला नाही, पण आडपडदाही ठेवला नाही. विचारलं, आमचं दूध कुणाला पाजता? त्या रडल्या. म्हणाल्या, भावोजी, मी काय करू? पाळण्यात पाजून झोपवते, वळते तोच बाबागाडीत भुकेनं रडत असतं. तिथे पाजते तर व्हरांड्यात. जिथे रडेल तिथे पाजते. मला वाटलं बाळंतपणाच्या धावपळीत मलाच भ्रम होतोय, म्हणून बोलले नाही.

मला ती थाप वाटली. अशी थाप कुणी मारेल का, एवढाही विचार केला नाही. संध्याकाळच्या गाडीने त्या गेल्या. जाताना बाळाची पापी घेतली आणि हिला म्हणाल्या, नाव ठेवून टाका गं लवकर.

१८ फेब्रुवारी

आज हिच्या मामेबहिणीने फोनवर सुचवलेलं नाव चढवून बघितलं. तेही नाही जमलं.

आता दूध मी स्वतः करतो. डबा माझ्या हातात.

२० फेब्रुवारी

ताई गेल्या, तरी डबा संपलाच.

दुकान बंद ठेवून दिवसभर घरात बसलो. आता संशय कुणाचा घ्यायचा? हिचा? नऊ महिने पोटात वागवलं तिने त्याला. तरी घेतला. ती पाणी प्यायला उठली तरी मागे गेलो. तिच्या लक्षात आलं. म्हणाली, अहो, चोर पकडायचाय का? मी म्हटलं, हो.

दुपारी बाळ माझ्या मांडीवर झोपलेलं. मधल्या खोलीतून रडणं आलं. भरघोस, खणखणीत, पोटभर दूध प्यालेल्या पोराचं. आमच्याचा आवाज हल्ली पातळ झालाय, तो असा रडूच शकत नाही.

स्वयंपाकघरातून ही ओरडली, अहो, घ्या ना त्याला. मी म्हटलं, तो माझ्याकडे आहे. ती म्हणाली, माहितीये, पण तो रडतोय ना!

मधल्या खोलीत जाऊन पाहिलं. पाळणा रिकामा, पण हलत होता. गादीला ऊब होती.

२१ फेब्रुवारी

आवाज वेगवेगळे आहेत. आज कान देऊन बसलो. पाळण्यातला लांब हेल काढून रडतो. बाबागाडीतला तुटक, ठसक्यात. व्हरांड्यातला जड, हुकूम सोडल्यासारखा. चौथा अजून नवा आहे, कुठे राहावं ते त्याला ठरवता येत नाही, घरभर फिरतो.

जेवढी नावं उतरवली तेवढेच.

आम्ही दिवसभर हाका मारल्या. जीव ओतून मारल्या. हाक मारली की कुणीतरी येणारच. आणि संध्याकाळी आम्ही म्हणालो, तू नको.

मग ते जाणार कुठे?

२२ फेब्रुवारी

हिला सगळं सांगितलं. वाटलं घाबरेल. ती घाबरली नाही. म्हणाली, मला ठाऊक आहे. रोज दिसतात मला. गोंडस आहेत हो.

आपला कोणता ते तरी ओळखतेस ना, विचारलं. तिने आधी पाळण्याकडे बघितलं, मग बाबागाडीकडे.

२३ फेब्रुवारी

ठरवलं, आजच नाव पक्कं करायचं. एकच नाव, कायमचं, म्हणजे घरात एकच मूल राहील. ही म्हणाली, माझंच ठेवू, पहिलं. मी लगेच हो म्हटलं. तिथेच चुकलो. ते नाव आधीच एकाचं होतं.

बाळ हिच्या मांडीवर. मी समोर बसून मोठ्याने हाक मारली. बाळाने डोळे उघडले नाहीत. पाळण्यातून मात्र हुंकार आला, खुशीतला. माझ्या मांडीवर दे म्हणायच्या आत तिने बाळाला जमिनीवर ठेवलं, बाजूला, रिकामं भांडं ठेवावं तसं. आणि पाळण्याकडे धावली.

तिने वाकून कुणाला तरी उचललं. मी पाहिलं. गुटगुटीत. तिच्या नाकासारखं नाक.

२४ फेब्रुवारी

ती त्याला पाजते. मग बाबागाडीतल्याला. मग — सगळ्यांना, आळीपाळीने. फक्त ह्याला नाही. ह्याला दूध दे म्हटलं तर विचारते, कुणाला? मी त्याला तिच्या तोंडासमोर धरलं. तिची नजर आरपार गेली. म्हणाली, अहो, नुसतं दुपटं काय नाचवताय?

बाटलीने मीच पाजलं. थोडंसं प्याला. बोट धरून ठेवलं माझं.

२५ फेब्रुवारी

सकाळी उठलो. शेजारी बाळ नाही. दुपटं सपाट. घर पालथं घातलं. दारं, व्हरांडा, बाबागाडी, पलंगाखाली — ते सगळे मजेत बघत होते माझ्याकडे. शेवटी श्वास ऐकू आला. तिथेच. दुपट्यात. हात घातला तर हाताला लागला, हलका, कोमट.

तिला तो आधीच दिसत नव्हता. आता मलाही —

ताईंना फोन केला. या म्हटलं, चुकलो म्हटलं. त्या विचारत राहिल्या, कोणत्या बाळाबद्दल बोलताय भावोजी?

दुपटं छातीशी धरून दुकानात आलो. आतून कडी लावली.

दुपारी

नाव दिलं पाहिजे. नाव नाही म्हणून तो चाललाय. एवढं तरी कळतंय.

आत्ता एक नाव घेतलं. हळूच, त्याच्या कानाशी. कुणीही न सुचवलेलं. तर टेबलाखालून ओ आली. वाकून नाही बघितलं.

दुसरं घेतलं — तारांच्या वेटोळ्यांमागे काहीतरी रांगायला लागलं.

आता इथेही —

तोंडातून काढलं की ऐकणारा येतो. म्हणजे तोंडातून काढायचं नाही. हाक नाही मारायची. मनातसुद्धा मोठ्याने नाही. फक्त कागदावर, फक्त त्याच्यासाठी, त्याचा तळहात त्या अक्षरांवर टेकवून —

तळहात सापडत नाहीये. दुपट्यात कान घातलाय. आहे. श्वास आहे. फार बारीक. दोन श्वासांमधलं अंतर वाढतंय. थांब रे. लिहितोय. थांब —

माझ्या पाठीला कुणीतरी धरून उभं राहतंय. नाही बघणार.

ऐक. तू पहिला आहेस. तूच. बाळा, तुझं नाव