तीन लांब शिट्ट्या

२ मार्च, रविवार

नव्या शहरात, नल्लकुंट्यात, वरच्या मजल्यावरची खोली मिळाली आणि मी जाम खूश आहे. स्वतंत्र जिना, पुढं गच्ची, गच्चीत कढीपत्त्याची कुंडी. मालकीणबाई सत्यवतीबाई मराठीच, पण चार पिढ्या इथल्याच. आल्या आल्या ज्वारीची भाकरी आणि तोंडल्याची भाजी पाठवली, आणि नळाला पाणी एक दिवसाआड येतं हे तीनदा बजावलं. पुण्यात एकाही घरमालकाशी माझं पटलं नाही. आई म्हणते, रसिकाच्या नाकावरच राग बसलेला असतो. असेल. इथल्या ऑफिसात अजून कुणाशी भांडले नाही, आठवडा होईल उद्या.

९ मार्च, रविवार

ऑफिसातल्या प्रशांतनं मला एका स्वयंसेवी गटात नेलं. शहराबाहेरच्या खडकाळ टेकड्यांवर, म्हणजे इथल्या भाषेत गुट्ट्यांवर, कुणी हरवलं किंवा पडलं की हे लोक शोधायला जातात. दहा वर्षं सह्याद्रीत पाय मोडून घेतलेत, त्यामुळं मला लगेच घेतलं. प्रमुख भगवंतराव, साठीचे. अफझलगंजला त्यांचं दोरखंडांचं दुकान आहे. सगळ्यांना बेटा म्हणतात.

खडकांत फोन धड लागत नाही, म्हणून खुणा शिट्टीच्या. अडकलेला माणूस दोन आखूड वाजवतो. दोन लांब म्हणजे शोध थांबवा, परत फिरा. तीन लांब म्हणजे सापडला, सगळे इकडे या. तीन लांब उगाच कधीही वाजवायच्या नाहीत, असं भगवंतरावांनी बोट नाचवून सांगितलं. माझी शिट्टी सगळ्यांत कडक वाजली. त्यांनी पाठ थोपटली, मीही जरा फुगले.

६ एप्रिल, रविवार, दुपार

काल दोन वाजता फोन आला. दिलसुखनगरला क्लासला जाणारा गौतम, एकोणीस वर्षांचा, कोंगलगुट्ट्यावर एकटाच चढला आणि कपारीत घसरला. मांडीचं हाड मोडलं होतं. त्यानं आईला कळवलं, आईनं आम्हाला. पोरगं मराठी, म्हणून त्याच्याशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. त्याच्या फोनची बॅटरी संपत आली होती. मी भराभर सांगितलं की हलू नकोस, बॅगेच्या छातीवरच्या पट्ट्याला शिट्टी असते, ती दर मिनिटाला दोनदा वाजव. तीन लांब शिट्ट्या ऐकल्यास की समज आम्ही तुला पाहिलं. मग वाजवणं थांबव, दम राख, आम्ही येतोच. तो म्हणाला, हो ताई. फोन गेला.

साडेचारपासून त्याच्या दोन आखूड ऐकू येत होत्या. खडकांवरून आवाज घुमतो, दिशा चटकन कळत नाही, पण आम्ही जवळ जात होतो. सहा दहाला, अजून चांगला उजेड असताना, भगवंतरावांनी शोध आवरायला सांगितला. प्रशांत आणि आणखी एकजण पलीकडच्या घळीत उतरले होते, अंधार पडला की तेही अडकतील म्हणाले. ते खरं होतं. विजेऱ्या दोनच होत्या. दोरखंडाचं दुकान आहे माणसाचं, आणि विजेऱ्या दोन.

पण दोन लांब वाजवल्या की आमच्यातलं कुणी फिरत नाही. अजून पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं करतात. म्हणून मला म्हणाले, तीन वाजव बेटा, सापडला समजून धावत येतील. ही म्हणे त्यांची जुनी युक्ती. मी म्हटलं, तो पोरगा ऐकेल. एवढ्या लांब त्याला कुठं ऐकू जातंय, म्हणाले.

मी वाजवल्या. प्रशांत धावत आला. आणि त्या दोन आखूड त्याच क्षणी बंद झाल्या.

मी भगवंतरावांवर ओरडले. घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. पण तो शहाण्यासारखा दम राखून बसला असणार, आम्ही सांगितलं होतं ना. वारा फिरलाय, म्हणाले भगवंतराव. आज पहाटेपासून आम्ही आवाजाशिवाय खडक धुंडाळतोय आणि हे खाली जीपमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकताहेत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीय.

७ एप्रिल, सोमवार

गौतम सापडला. आम्ही उभे होतो तिथून दोनशे फुटांवर. खडकाला पाठ टेकून, बॅग छातीशी बांधून, आमच्या बाजूला तोंड करून. निघायच्या तयारीत. आतल्या आत रक्त गेलं. शनिवारी रात्रीच गेला, डॉक्टर म्हणाले. त्या संध्याकाळी आणखी अर्धा तास शोधलं असतं तर तो आज दवाखान्यात असता.

भगवंतरावांनी पोलिसांना लिहून दिलं की सहा दहानंतर शिट्टी ऐकू आली नाही. एक अक्षर खोटं नाही त्यात. आणि खाली माझी सही आहे.

त्याची आई, त्रिवेणीबाई, दवाखान्याबाहेर बाकावर होत्या. त्यांनी एवढंच विचारलं की तो वाजवायचा का थांबला. मी म्हटलं, दमला असेल.

१२ एप्रिल, शनिवार

संध्याकाळी गच्चीत कपडे काढत होते. खालच्या अंगणातल्या टाकीमागून दोन आखूड. मी घड्याळ पाहिलं, सहा दहा. टाकीमागं कुणी नव्हतं. तासभर, दर मिनिटाला. सत्यवतीबाईंना काहीच ऐकू आलं नाही. त्या म्हणाल्या, एवढ्या उन्हात गुट्ट्यावर कोण हौला-येडा जातंय माय, डोकं तापलंय तुझं, ताक पी.

१५ एप्रिल

रोज. सहा दहाला. आज माझं डोकंच सटकलं. पिशवीतून शिट्टी काढली आणि तीन लांब वाजवल्या. आवाज जागच्या जागी थांबला. इतकं बरं वाटलं. मग स्वतःची किळस आली.

१७ एप्रिल

काल जिन्याच्या तोंडाशी. आज मधल्या पायरीवर. एक पाय घासत येतोय. पुन्हा तीन वाजवल्या, पुन्हा थांबला. मी दरवेळी त्याला सांगतेय की पाहिलंय, येतोच. आणि जात कुणीच नाही. म्हणून तोच येतोय.

भगवंतरावांना फोन केला. त्यांनाही ऐकू येतं, दुकानाच्या माळ्यावरून. तुम्ही काय करता, विचारलं. तीन वाजवतो बेटा, दुसरं काय करू, म्हणाले.

१९ एप्रिल

भगवंतराव गेले. माळ्यावर सापडले, दोरखंडांच्या वेटोळ्यांना पाठ टेकून, पिशवी छातीशी धरून. हार्ट अटॅक म्हणे. मला रडू नाही आलं, रागच आला. सुटला हा माणूस. हात झटकून गेला. सांगायला आता मीच—

उद्या दिलसुखनगरला गौतमच्या घरी जाते. त्रिवेणीबाईंना सगळं सांगते.

२० एप्रिल

गेले नाही. रिक्षा बोलावली, परत पाठवली. कुठल्या तोंडानं—

सहा दहा. दाराबाहेर. वाजवल्या मी. पुन्हा वाजवल्या.

२१ एप्रिल

सकाळीच शिट्टी मुशी नदीत फेकून आले. आता पावणेसहा. हे पान त्रिवेणीबाईंसाठी.

बाई, तुमचा गौतम दमला नव्हता. तो वाजवत होता. मी त्याला सांगितलं की आम्ही तुला पाहिलंय, आणि आम्ही पाहिलं नव्हतं. हे तुमच्यासमोर येऊन सांगायला हवं होतं, पण मी भित्री, म्हणून—

सहा दहा. दार न उघडता आत आलाय. कपाटापाशी. दोन आखूड.

वाजव बाळा. आज मी नाही थांबवणार.

थांबला.

मी काही केलं नाही. माझ्याकडे शिट्टीच—

एक लांब. माझ्या पाठीमागं.

दुसरी—

तीन. तीन म्हणजे सापड—