परकराच्या आतली दुमड

आक्का, आज ट्रंकेतला माझा खणाचा परकर उन्हात टाकला. घरातले सगळे तुला आक्का म्हणायचे, म्हणून पोटची लेक असून मीही तेच म्हणत राहिले. कापड अजून तसंच जड आहे. झटकलं तरी जुन्या घडीवरच पडतं.

आप्पांचा शब्द ठरलेला होता. परकर आखूड झाला की लुगडं, आणि लुगडं नेसली की कॅम्पातली कॉन्व्हेंटची शाळा बंद. तू उलट बोलली नाहीस. परकर शिवताना जास्तीचं कापड घेतलंस आणि खालच्या कडेला आतून दुमडी घातल्यास, एकीवर एक. मी वाढले, की आप्पा निपाणीला तंबाखूच्या वखारीत असताना तू एक दुमड उसवायचीस. शनिवारी ते यायचे, माझ्या पायांकडे बघायचे. परकर घोट्यापर्यंत. शाळेत चित्रकलेच्या तासाला सिस्टर आम्हाला पडद्याच्या चुण्या काढायला शिकवत, सावली कुठे पडते ते दाखवत. माझं लक्ष परकराच्या कडेकडे.

मग ती दुपार. तू दुमड उसवतेस आणि आतलं कापड गर्द जांभळं निघतं. बाकीचा परकर धुऊन धुऊन फिका पडलेला. उद्या आप्पा येणार. आणि दारात त्यांची थोरली बहीण, आत्याबाई. मला लुगडं नेसवा म्हणून घरात सगळ्यांत जास्त तिचाच घोशा.

"ह्यो पट्टा कुठनं आला गं?"

तुझी सुई थांबते. "आतला हाय, वन्सं."

"ते दिसतंय मला, आंधळी न्हाय मी." ती खाली बसून कड चाचपते. "अजून किती हाईत आत?"

"दोन."

"मॅट्रिकपतोर पुरतील?"

तू मान डोलावतेस.

"मग काठ लाव ह्येच्यावर. माझा भाऊ तंबाखू पारखतोय, रंग लगेच वळखंल."

तू आपल्या लग्नातल्या शहापुरी लुगड्याचा काठ कापलास. आत्याबाई दोरा ओवून देत होती. काठाचं वजन गेल्यावर ते लुगडं पायाशी नीट पडेना. तू ते पुन्हा नेसली नाहीस.

मी मॅट्रिक झाले. पुढे आयुष्यभर शाळेत शिकवलं. शेवटची दुमड उसवावी लागलीच नाही.

हा लिहिलेला कागद आता परकराच्या घडीतच ठेवते. खरं सांगू? आतला रंग बघावा म्हणून मघाशी कात्री हातात घेतली होती. पण ते टाके तुझ्या हातचे. उसवले तर मला तसे परत घालता यायचे नाहीत. एवढी शिकले, आक्का, पण शिवणकाम काही मला आलं नाही.