दोन भोकं सैल

नंदनवन, नागपूर
शनिवार, २० सप्टेंबर

प्रिय नूपुर,

हातानं पत्र लिहून मला किती वर्षं झाली, आठवत नाही. तू होस्टेलला होतीस तेव्हा पत्र तुझी आई लिहायची आणि खाली माझ्यासाठी दोन ओळींची जागा सोडायची. त्या दोन ओळींतही मी 'अभ्यास कर, तब्येत सांभाळ' याच्या पुढे कधी गेलो नाही. आज चार कोरे कागद घेऊन बसलोय. लिहून झालं की खालच्या मजल्यावरच्या रितिकाला सांगून त्यांचे फोटो तुला पाठवीन. टपालानं डब्लिनला पोचायला पंधरा दिवस लागतील, आणि तेवढे दिवस आपल्याकडे नाहीत. फोनवर तीनदा बोलायला गेलो. तुझा आवाज ऐकला की मी जेवणाचं आणि पावसाचं विचारून मोकळा होतो.

इकडे पाऊस अजून आहे. गावी कुहीला माझ्या चंपतदादाचा धान निसवलाय, लोंब्या बाहेर पडल्यात, यंदा बांध्या भरून पीक आहे. रितिकाला मोबाईलच्या दुकानात पगार वाढवून मिळाला, तिनं जिन्यातच पेढा दिला. मी रोज सकाळी बागेत चार चकरा मारतो. लकडगंजला मात्र जात नाही. चौतीस वर्षं ज्या लाकडाच्या टालीवर सागवानाची मोजणी केली, तिथे नुसतं गप्पा मारायला जायला बरं वाटत नाही. टालीवरची माणसं रस्त्यात भेटली की अजून ओळखतात. म्हणतात, काकांच्या मोजणीत कधी अर्ध्या इंचाचा फरक सापडला नाही. हे ऐकून पूर्वी छाती फुगायची. आता ते भेटले की मी लवकर निघतो. का, ते पुढे सांगतो.

आधी तुझ्या आईच्या त्या दिवसाबद्दल. अडीच वर्षांत आपण दोघं त्याबद्दल कधी नीट बोललो नाही. त्या सकाळी ती म्हणाली, "छातीत जड जड वाटून राहिलं." मी म्हटलं, पित्त असेल, ओवा खा. तिनं ओवा चावला, माझा डबा भरला आणि मी टालीवर गेलो. दुपारी एक वाजता शेजाऱ्यांचा फोन आला, तेव्हा मी एका ओंडक्याची गोलाई मोजत होतो. तू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलीस. सगळं आटोपलं, माणसं गेली, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तू मला एकच विचारलंस, "तिची नाडी पाहिली होती का, बाबा?" मला नाडी पाहताच येत नव्हती. मी नाही अशी मान हलवली आणि तू आत निघून गेलीस. तू रागानं विचारलं नव्हतंस, हे आज कळतं. पण तेव्हापासून तुझ्या प्रत्येक फोनमध्ये मला तोच प्रश्न ऐकू यायचा. रविवारी दहा मिनिटं. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, विजेचं बिल भरलं का. मग तू म्हणायचीस, ठेवते.

गेल्या वर्षी वर्षश्राद्धाला आलीस तेव्हा माझ्या मनगटावर ते घड्याळ बांधलंस. म्हणालीस, ठोके पन्नासच्या खाली गेले की मला माझ्या फोनवर कळेल. मी हसलो, पण आतून मला एवढंच कळलं, की तू या माणसाच्या भरवशावर आता कुणालाही सोडणार नाहीस. मलासुद्धा नाही.

वर्षभर घड्याळ आपलं काम करत राहिलं. मग या जूनमध्ये, एका संध्याकाळी मी गॅलरीत बसलो होतो आणि तुझा फोन आला. मंगळवार होता. "बाबा, चक्कर येऊन राहिली का? घाम आला का? एक्केचाळीस दाखवतंय!" तुझा आवाज एवढा वर गेला होता, की क्षणभर मलाच वाटलं, आपण आता पडणार. मग तू एकेक गोष्ट विचारायला लागलीस. पट्टा सैल आहे का? घड्याळ मनगटाच्या हाडावर येतंय का? एक बोट वर सरकवा, करकचून नाही, पण हलायला नको. हाताला तेल लावलं होतं का? मागची काच पुसा. मी धोतराच्या सोग्यानं पुसली. बंद करून पुन्हा सुरू केलं. हात टेबलावर ठेवून पाच मिनिटं हललो नाही. तरी त्रेचाळीस.

तेव्हा तू म्हणालीस, आता आपण हातानं मोजू. अंगठ्याच्या खाली, मनगटाच्या कडेला दोन बोटं ठेवा. अजून थोडं बाहेर. लागली? मला पहिल्यांदा काहीच लागलं नाही. मग लागली. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मला माझी नाडी पहिल्यांदा सापडली, नूपुर. तू तिकडे घड्याळ लावून बसलीस, मी इकडे मोठ्यानं मोजत होतो, आणि अर्ध्या मिनिटाला तू थांबा म्हणालीस तेव्हा छत्तीस झाले होते. "म्हणजे बहात्तर," तू म्हणालीस, आणि तुझा सोडलेला श्वास मला इथे ऐकू आला. त्यानंतर फोन ठेवायच्याऐवजी तू बोलत राहिलीस. तुमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बाईबद्दल, आपल्या जावयाच्या, सौरवच्या सायकलबद्दल. मग म्हणालीस, आई गोळाभातात हिंग आधी घालायची की नंतर? मला माहीत नव्हतं. आपण दोघांनी मिळून आठवायचा प्रयत्न केला, आणि तू थोडी रडलीस. आई गेल्यावर तू माझ्याजवळ पहिल्यांदा रडलीस. त्या दिवशी आपण पन्नास मिनिटं बोललो.

पुढच्या आठवड्यात आणखी दोनदा तसंच झालं. मग मी घड्याळ रितिकाकडे नेलं. तिनं उलटं करून मला दाखवलं. मागच्या बाजूला हिरवा दिवा असतो, तो कातडीत उजेड टाकून रक्ताची हालचाल बघतो. माझ्या घड्याळाच्या काचेवर घाम आणि तेलाचा पातळ थर बसला होता आणि पट्ट्याची भोकं ओढून ओढून मोठी झाली होती. दिव्याला कातडी धड लागतच नव्हती. तिनं ओल्या कापडानं काच साफ केली, नवा पट्टा लावला आणि बजावलं, "काका, हा इथे, पाचव्या भोकावर. ढिल्ला नका करू." दुसऱ्या मिनिटाला सत्तर. मी उत्साहानं तुला कळवलं. तू म्हणालीस, बरं झालं बाबा, सुटले मी. आणि पुन्हा रविवार सुरू झाले. दहा मिनिटं. गोळ्या, बिल, पाऊस. तीन रविवार गेले. मी सोमवारपासूनच पुढच्या रविवारी काय बोलायचं ते ठरवून ठेवायचो आणि वेळेवर विसरायचो.

जुलैच्या शेवटी धानाच्या रोवणीला कुहीला गेलो. गुडघाभर चिखलात हात घातला आणि पाण्यानं घड्याळ मनगटावर खाली सरकलं. माझं लक्ष नव्हतं. थोड्या वेळानं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर ठेवलेला फोन वाजला. तूच होतीस. हात चिखलानं भरलेला, फोन कानाला धरायला चंपतदादानं मदत केली. तू घाबरली होतीस, मी समजावलं, मोजून दाखवलं, आणि मग मी तुला रोवणाऱ्या बायांची गाणी ऐकवली. तू म्हणालीस, ठेवू नका बाबा, अजून थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवा. मी धुऱ्यावर उभा राहून हात भरून येईपर्यंत फोन वर धरून होतो. घरी परतताना बसमध्ये मला एक गोष्ट कळली, आणि ती कळली नसती तर बरं झालं असतं.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी मी पट्टा दोन भोकं सैल केला. मुद्दाम. संध्याकाळी सहाला केला, कारण तेव्हा तुझ्याकडे दीड वाजतो, जेवणाची सुट्टी असते. तुझ्या कामात खोळंबा नको, एवढी काळजी मी घेतली, आणि तेवढ्यावर स्वतःला भला माणूस समजत राहिलो. हिरवा दिवा हवेत लुकलुकत राहायचा. पंधरा-वीस मिनिटांत तुझा फोन यायचा. दीड महिन्यात मी हे अकरा वेळा केलं. प्रत्येक वेळी तू मोजायला लावायचीस, मी मोजायचो, आकडा बरोबर यायचा, आणि मग तू बोलायचीस. मी त्या बोलण्याचा भुकेला झालो होतो.

पोळ्याला कुहीला गेलो होतो. बैल ओवाळून झाले होते, मी ओसरीवर बसलो आणि सहा वाजल्याबरोबर हात पट्ट्याकडे गेला. चंपतदादा समोर होता. "काहून गा रुपराव, घड्याळ काढाचं असंल तं काढ. ढिल्लं काहून करून राहिला?" मी म्हटलं, घामानं खाजतं. मग तुझा फोन आला. तुझा घाबरलेला आवाज त्यानं ऐकला, माझं मोजणं ऐकलं. फोन ठेवल्यावर तो उठून माझ्या बाजूला येऊन बसला. मग म्हणाला, "पोरीले भेव घालून बोलावते का गा? तिची माय कशी गेली, ते तुले ठाऊक नाही का?" त्या दिवशी मी पुरणपोळी तशीच ताटात ठेवली. तरी पुढच्या गुरुवारी मी पुन्हा पट्टा सैल केला. मला ते थांबवता आलं नाही, हे तुला सांगताना मान खाली जाते. टालीवर मालकानं एकदा अर्धा इंच कमी धरायला सांगितलं होतं, तर मी नोकरी सोडायला निघालो होतो. आणि इथे मी माझ्या लेकीला खोटं माप दिलं.

याहून वाईट अजून आहे. तू ऑनलाइन वेळ घेऊन मला ज्या डॉक्टरांकडे पाठवलंस, त्यांनी छातीला तारा चिकटवून एक दिवसभर यंत्र लावलं. तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, रिपोर्ट यायचाय. रिपोर्ट आठ दिवसांपूर्वीच आला. सगळं व्यवस्थित आहे. डॉक्टर म्हणाले, "काका, हृदय ठणठणीत आहे, घड्याळ तेवढं नीट बांधत जा." मी तो कागद तुझ्या आईच्या साड्यांखाली लपवून ठेवला, चोरानं ठेवावा तसा. आज काढलाय. या पत्राच्या पानांसोबत त्याचाही फोटो येईल.

आता हे सगळं आजच का लिहिलं, ते सांगतो. गुरुवारी सौरवचा फोन आला. तुला न सांगता केला, त्याच्यावर रागावू नकोस. तो म्हणाला, दीड महिना झाला, नूपुर दुपारी जेवत नाही. फोन समोर ठेवून बसते आणि वाजला की डबा तसाच टाकून बाहेर पळते. आणि म्हणाला, तिनं राजीनामा लिहून ठेवलाय, सोमवारी देणार आहे, बाबांजवळ राहायला नागपूरला निघणार आहे. त्या प्रयोगशाळेत शिरायला तुला सहा वर्षं लागली, हे मला माहीत आहे. राजीनामा देऊ नकोस, बेटा. माझं हृदय बिघडलेलं नाही. मला करमत नाही, एवढंच झालंय, आणि ते म्हणायला मला लाज वाटत होती. तू चार वेळा मला तिकडे बोलावलंस आणि मी घर सोडवत नाही म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. तुझ्या आईला तुझं घर पाहायचं होतं, मी आज-उद्या करत राहिलो, आणि तिच्याशिवाय तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवायची मला हिंमत नव्हती. काल रितिकाला सोबत घेऊन पासपोर्टचा अर्ज भरलाय. तुझी अजून इच्छा असेल तर दोन महिने येईन. हे वाचून तू रागावशील, आणि तो तुझा हक्क आहे. पोटभर रागाव, हवं ते बोल, आईचंही बोल, तेव्हा जे बोलायचं राहिलं तेही बोल. मी सगळं ऐकून घेईन. फक्त रविवारची वाट पाहू नकोस. रागवायला का होईना, फोन कर.

तुझाच,
बाबा