शत्रू थांबला आहे

ती. काकांना,

हातातलं काम बाजूला ठेवून, खुर्चीवरून उठून, नीट वाकून नमस्कार. तुमचा मोतीबिंदू काढल्याचं काकूंच्या फोनवरून कळलं. आता तुम्हाला सगळं लख्ख दिसतं, आणि त्यामुळे घराच्या भिंती किती कळकट झाल्यात हेही दिसायला लागलंय, असं त्या म्हणाल्या. भिंतींचं राहू दे, डोळ्यांत थेंब वेळेवर घाला. काकूंनाही नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत. बाबाही मजेत आहेत. (तुम्ही विचारलं नाहीत, ठाऊक आहे मला, मी आपलं सांगून टाकते.)

लिफ्टच्या कंपनीतली बरी नोकरी सोडून मी नेमकं करते काय, असं तुम्ही मागे विचारलं होतं. बारा वर्षं मी लोक लवकरात लवकर वर कसे जातील याचे प्रोग्राम लिहिले (वाईट अर्थ घेऊ नका), आणि मग एक दिवस वाटलं की ज्यात कुणालाच घाई नसेल असं काहीतरी करावं. म्हणून मी आणि वन्सं मिळून कॉम्प्युटरवरचा एक खेळ करतोय. आकाशातला. दोघांकडे थोडे थोडे तारे आणि थोडी जहाजं. एकाने खेळी करायची, मग दुसऱ्याने, बुद्धिबळासारखी. तुम्ही विचार करत बसलात तर समोरचा निमूट थांबतो. प्रोग्राम मी लिहिते, चित्रं वन्सं काढतात. (खेळी संपली की दाबायच्या बटणावर मी आधी 'माझी पाळी संपली' असं लिहिलं होतं. बाबांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शब्द बदल." आता तिथे 'झालं माझं' असं आहे.)

आमची खोली गाद्यांच्या दुकानाच्या वर आहे. खाली गिऱ्हाइकं गाद्यांवर आडवी होऊन बघत असतात, म्हणून गादीवाल्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं की वर पाय वाजवायचे नाहीत. तेव्हापासून आम्ही मोज्यांवर वावरतो आणि हळू बोलतो. दुपारी ऊन जमिनीवरून सरकत सरकत वन्संच्या टेबलापर्यंत येतं, खालून कुणाचं तरी संथ घोरणं येतं, आणि पडद्यावर एखादा निळा ग्रह कूस बदलावी तसा फिरत असतो. अशा वेळी आपण काम करतोय की आपल्याला काम करत असल्याचं स्वप्न पडलंय, ते कळेनासं होतं.

पहिली चूक झाली ती बाबांमुळे. (म्हणजे चूक माझीच, पण तुमच्याशी बोलताना असं म्हटलेलं बरं.) निवृत्तीनंतर ते माझ्याकडे राहायला आले आणि दिवसदिवस गप्प बसून असायचे. पाणीखात्याचे नकाशे काढण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना रिकामे हात सोसवत नव्हते. मी म्हटलं, बसा, खेळून बघा. त्यांनी एक जहाज हलवलं, ते एका खेळीत आकाशाच्या दुसऱ्या टोकाला पोचलं, आणि बाबा अस्वस्थ झाले. एवढ्या लवकर कसं पोचलं, वाटेत काही लागलंच नाही का, असं विचारायला लागले. दुसऱ्या दिवशी आलेखाचा कागद आणि कंपास घेऊन बसले. तीन आठवड्यांत एकाहत्तर ताऱ्यांमधली अंतरं मोजून झाली. आता सर्वांत जवळच्या ताऱ्याला जायला बारा खेळ्या लागतात, लांबच्याला नव्वद. मला नाही म्हणवेना. इतक्या दिवसांनी त्यांच्या बोटांना शाई लागलेली दिसत होती.

आता आमचा शत्रू. तो माणूस नाही, मीच लिहिलेला प्रोग्राम आहे. दर खेळीला तो हिशेब करतो की चाल करून गेलो तर मिळेल काय आणि जाईल काय. बाबांची अंतरं आत गेल्यावर त्याने पहिल्यांदा हा हिशेब केला आणि त्याच्या लक्षात आलं की कुठेही जाण्यात काही अर्थ नाही. पडद्यावर अक्षरं आली, 'शत्रू विचार करत आहे'. मग आली, 'शत्रू थांबला आहे'. पुढच्या खेळीलाही तेच. मी त्याचा राग वाढवला. पाच होता तो पन्नास केला. त्याने एक जहाज बांधलं, सोडलं, अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं आणि उरलेल्या सामानातून आपल्या चंद्रांवर दिवे लावले. वन्सं माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत, कारण त्यांनी अकरा रंगांत जहाजांचे स्फोट काढून ठेवले होते. "माझे स्फोट बघणार आहे का कुणी?" एवढंच विचारून त्या दिव्यांना पिवळा रंग द्यायला बसल्या.

त्याच आठवड्यात खेळ बाजारात आणणाऱ्या कंपनीचे साहेब यायचे होते. त्यांनी खेळ घेतला तर ठीक, नाहीतर पहिल्या तारखेपासून मी परत लिफ्टमध्ये. एवढ्या थोड्या दिवसांत शत्रूला भांडखोर करणं मला जमलं नाही. साहेब आले ते दोन खिशांत दोन फोन घेऊन, आणि दोन्ही वाजत होते. खेळ दाखवायला बाबांना बसवलं, कारण रस्ते त्यांनाच पाठ होते. मी दाराशी उभी. बाबांनी तीन जहाजं रवाना केली. शत्रू थांबला. बाबांनी 'झालं माझं' दाबलं. शत्रू थांबला. अशा वीस खेळ्या झाल्यावर साहेबांनी विचारलं, "लढाई कधी आहे?"

"निघाली आहे," बाबा म्हणाले. "वाटेत आहे."

मला वाटलं, संपलं. पण साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. पन्नासाव्या खेळीला जहाजं कडं असलेल्या एका ग्रहाजवळून चालली होती, त्या कड्याची सावली त्यांच्यावरून हळूहळू सरकत होती, आणि लांबवर शत्रूच्या चंद्रांवर दिवे लुकलुकत होते. साहेबांनी एक फोन बंद केला. थोड्या वेळाने दुसराही. साठाव्या खेळीला त्यांनी एकदम सांगितलं की लहानपणी गच्चीवर झोपायला त्यांना फार आवडायचं. कुणी विचारलं नव्हतं. बाबांनी मान डोलावली आणि पुढची खेळी केली.

शंभराव्या खेळीला साहेब उठले, बूट हातात घेतले आणि फार हळू आवाजात मला म्हणाले, "माझ्यासाठी एक द्या. विकायला मात्र नको. लोकांना लढाई लागते."

ते जिना उतरून गेले. मी आणि वन्सं जमिनीवर बसून राहिलो. वन्संनी आपले अकरा स्फोट मला एकामागोमाग एक लावून दाखवले, फार सुरेख होते, आणि आम्हाला दोघींनाही रडू आलं. बाबा आमच्याकडे पाठ करून खेळतच राहिले. आपल्या अंतरांनी घात केला हे त्यांना कळलं होतं.

अर्ध्यापाऊण तासाने गादीवाले वर आले, मोज्यांवर. साहेबांना तुम्ही काय दाखवलंत, असं विचारायला लागले. साहेब म्हणे खाली उतरले, सहज म्हणून एका गादीवर टेकले, आणि गाढ झोपले ते अजून उठले नव्हते. पंचवीस वर्षांच्या धंद्यात बूट छातीशी धरून झोपलेलं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. मी त्यांना खेळ दाखवला. वीस खेळ्यांनी तेही भिंतीला टेकले. (साहेबांनी जाताना ती गादी घेतली.)

तर आता आमचा खेळ खाली दुकानात, छताजवळच्या मोठ्या पडद्यावर, दिवसभर चालू असतो. लोक आडवे होऊन वर बघतात आणि शत्रू थांबतो. शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनीही तो मागून नेला. लिफ्टच्या कंपनीत मी आठवड्यातून दोन दिवस जाते, उरलेले दिवस इथे. एवढं पुरे आहे.

बाकी ठीक. थेंब विसरू नका.

तुमची पुतणी

ता. क. खरं म्हणजे पत्र इथून सुरू करायला हवं होतं. सगळे खूश आहेत, एक बाबा सोडून. हल्ली ते खेळायला बसतात आणि चार खेळ्यांत उठतात. काल विचारलं तर म्हणाले, "हा शत्रू फार समजूतदार आहे गं. याच्याशी वाद घालता येत नाही." म्हणून मी दोन माणसांना दोन गावांतून खेळता येईल अशी सोय केली आहे. सगळं सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये आहे. काकूंना लावता येईल. काका, नऊ वर्षांपूर्वी त्या फाट्यावर बाबा नकाशा धरून डावीकडे म्हणाले, तुम्ही उजवीकडे म्हणालात, आणि शेवटी दोघंही गाडीतून उतरून आपापल्या दिशेने चालायला लागलात, तेव्हा मी मागच्या सीटवर होते. आपला रस्ता दोन मैल मागेच चुकला होता. तो डावीकडेही नव्हता आणि उजवीकडेही नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तुम्ही आमचे शत्रू व्हाल का? तुमच्याइतकं मनापासून भांडणारं माणूस बाबांना पुन्हा भेटलेलं नाही.

ता. क. २. हे पत्र बाबांना माहीत नाही. त्यांना कळू देऊ नका.

ता. क. ३. मी दार उघडायला गेले तेवढ्यात बाबांनी पत्र वाचलं. फाट्याची ओळ दोनदा वाचली असावी, कारण बराच वेळ कागद तसाच धरून होते. रागावतील वाटलं, पण पत्र माझ्या हातात देऊन म्हणाले, "पहिली खेळी त्याला करू दे, असं लिही. लहान आहे तो."