पहिल्या चिठ्ठीचा हक्क

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा वेल्डिंग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. मी घाबरलेलो नाही. देवावर माझा भरवसा आहे. थोरल्या भावावर नाही, म्हणून हा कागद. कोणी दडपण आणलेले नाही. राग आहे, पण रागाने माझी बुद्धी फिरलेली नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. तिने त्याचे काय करावे हे दीर, जावा, शेजारी यांपैकी कोणीही तिला शिकवू नये.

२. दुकानातले वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि सगळी हत्यारे माझा भागीदार ढब्बू याला. हा आमच्या फुटबॉल क्लबचा जुना गोलकीपर. मैदानावरचे गोलचे खांब आम्ही दोघांनी जोडले आहेत. ते त्याने दर हंगामाआधी तपासावेत. डावा खांब जरा कलला आहे. ढब्बूचे डोके त्यावर आदळले होते, आणि डोक्याला काही झाले नव्हते.

३. घरालगतचे फुटबॉलचे मैदान, जे आईने जाण्याआधी माझ्या नावे केले, ते माझ्या मुलीला. दादाला नाही. तो क्लबचा अध्यक्ष आहे आणि मैदान आपल्याकडेच येणार असे धरून चालला आहे. का येणार नाही, ते इथे लिहितो, म्हणजे मागाहून कोणी "शेवटी शेवटी त्याला भ्रम झाला होता" असे म्हणायला नको.

राष्ट्रीय चषक माझ्या वडिलांच्या जन्माआधीपासून चालू आहे. पहिल्या वर्षी अकरा संघ उतरले, असे वडील सांगत. नियम साधे होते. नोंदणी केलेला कोणताही क्लब, मग तो राजधानीचा असो की आमच्यासारखा एका गल्लीचा, एकाच पिशवीत. पिशवीतून ज्याची चिठ्ठी आधी निघेल, सामना त्याच्या मैदानावर. हरला तो घरी. बरोबरी झाली तर पुन्हा सामना, तो दुसऱ्याच्या मैदानावर. अंतिम सामना तेवढा तिसऱ्याच ठिकाणी. चिठ्ठी काढणाऱ्याला पिशवीतले दिसत नाही. इतकी निर्मळ गोष्ट मी प्रार्थनेखेरीज दुसरी पाहिली नाही.

नऊ वर्षांपूर्वी आमची चिठ्ठी आधी निघाली आणि समोर आले गतविजेते. मैदान तेव्हा आईच्या नावावर होते. तिने आयुष्यभर क्लबचे शर्ट धुतले, पण गुडघ्यांमुळे मोठा सामना कधी पाहिला नव्हता. हा तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसला असता. ती खुर्ची उशी घालून आधीच लावून बसली होती.

सामना दुसरीकडे हलवायचा तर मैदानमालकाची लेखी संमती लागते. दादाने आईपुढे कागद ठेवला. "आई, कुंपणाचा कागद आहे, कर सही." तिने केली. सामना त्यांच्या स्टेडियमवर गेला. सकाळी खेळाडूंची बस निघाली तेव्हा आई खिडकीतून म्हणाली, "अरे, हे कुठे निघाले? आज आपल्याकडे आहे ना?" आम्ही सात गोलांनी हरलो, आणि दादाला चषक भरवणाऱ्या महासंघाच्या समितीत खुर्ची मिळाली.

त्या खुर्चीत बसून त्याने काय केले? बरोबरीनंतरचा दुसरा सामना बंद करण्याला हात वर केला. आता थेट पेनल्टी. मोठ्या क्लबांना शेवटच्या बत्तिसांत थेट प्रवेश देण्यालाही हात वर केला; आम्ही खालून चार फेऱ्या जिंकत यायचे. माझ्या भावाचा हात, माझ्या आईने धुतलेल्या बाहीतला! तरी पिशवी राहिली. तेवढी त्यांना काढता आली नाही.

यंदा आमची पोरे चारही फेऱ्या जिंकली. गेल्या आठवड्यात सोडत झाली. आमची चिठ्ठी आधी, समोर पुन्हा तेच. काल संध्याकाळी दादा फळे घेऊन आला.

"तू आधी बरा हो. सामन्याचं मी बघतो. त्यांची बस आपल्या गल्लीत वळणार तरी कशी?"

"चालत येतील."

"अरे, ती नावाजलेली माणसं आहेत!"

"पाय आहेत ना त्यांना? त्यावरच तर नाव झालंय."

"हट्टी आहेस. उद्या तुला काही झालं तर?"

मुलगी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "काका, बाबांना काही झालं तर सही माझ्याकडे मागा. मी कागद वाचते." ती शाळेत गणित शिकवते. दादा चहा न घेता उठला. म्हणून मैदान तिला.

४. मी शस्त्रक्रियेत गेलो तर त्या कारणाने सामना पुढे ढकलू नये, हलवू तर मुळीच नये. दोन मिनिटे शांत उभे राहायचे असेल तर राहा, मग शिट्टी वाजवा.

५. थोरल्या भावाला मी काहीही ठेवत नाही. त्याचे माझ्यावर लहानपणीचे उपकार आहेत. सायकलवर पुढे बसवून तो मला शाळेत नेत असे. ते मी विसरलेलो नाही, आणि देवासमोर त्याचे वाईट मागत नाही. पण आईला फसवल्याची माफी द्यायचा अधिकार आईचा होता, आणि ती मागायला तो तिच्याकडे कधी गेला नाही. सामन्याला त्याने यावे. अध्यक्ष म्हणून व्यासपीठावर नाही. तिकीट काढून, घराकडच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभे राहून पाहावे.

६. मी वाचलो तरी यातला एक शब्द बदलणार नाही. आम्ही बहुधा हरू. पण यावेळी आमच्या मैदानावर, आमच्या माणसांसमोर हरू. आणि जिंकायचे असेल तर त्यांना इथे यावे लागेल.

ठिकाण : मैदानालगतचे राहते घर
दिनांक : शस्त्रक्रियेआधीचा शुक्रवार

सही : मृत्युपत्र करणारा, वेल्डर

आमच्यासमोर वाचून सही केली. माणूस पूर्ण शुद्धीवर आहे :
साक्षीदार १ : नाक्यावरचा औषधविक्रेता (सही)
साक्षीदार २ : निवृत्त पंच (सही). त्या दिवशी शिट्टी मीच आणीन.